सॅम्युएल डिलेनी : आधी माणूस वाचावा की आधी वाक्य?

अक्षरवेल

सॅम्युएल आर. डिलेनी यांचे नाव निघाले की पहिल्या वाक्यातच त्यांची ओळख आटोपते : कृष्णवर्णीय, समलैंगिक, अमेरिकन विज्ञानकथाकार. तिन्ही विशेषणे खरी आहेत आणि त्यांपैकी एकही त्यांनी कधी झटकलेले नाही. १ एप्रिल १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा अंत्यसंस्कारांचा व्यवसाय होता आणि कुटुंब त्याच जागेच्या वरच्या मजल्यांवर राहत असे. आजोबा गुलामगिरीत जन्मले आणि पुढे बिशप झाले. डिलेनींची पहिली कादंबरी १९६२ मध्ये, ते वीस वर्षांचे असताना आली. पंचविशी गाठण्याआधीच ‘बेबल-१७’ या कादंबरीला नेब्युला हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार मिळाला. चरित्र म्हणून हे सगळे इतके वेधक आहे की पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचक भारावलेला असतो, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

शैली आणि आशय ही दोन वेगळी खाती नसतातच, असे मत डिलेनींनी १९६० च्या दशकाच्या शेवटी एका निबंधात मांडले. तिथे ते ‘लाल सूर्य वर आहे, निळा खाली’ अशा अर्थाचे एक वाक्य घेतात आणि त्यातल्या एकेका शब्दापाशी थांबतात. हा प्रयोग मराठीतही करून पाहता येतो. ‘लाल सूर्य’ म्हटल्यावर मावळतीचे क्षितिज डोळ्यांसमोर येते. ‘वर आहे’ म्हटल्यावर ते चित्र मोडते, कारण माथ्यावरचा सूर्य लाल नसतो. आणि ‘निळा’ हा शब्द आला की आपण पृथ्वीवर नाही हे उमगते. प्रत्येक नवा शब्द आधीच्या शब्दांनी उभे केलेले चित्र दुरुस्त करत जातो. शब्द बदलले तर ‘तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत’ सांगितली जात नाही, गोष्टच बदलते.

हे मान्य केले तर लेखकाचे चरित्र म्हणजे पहिल्या शब्दाच्याही आधी ठेवलेला एक शब्द ठरतो आणि तो पुढच्या सगळ्या चित्रांना रंग देतो. म्हणून डिलेनींची पार्श्वभूमी त्यांचे किमान एक पुस्तक वाचून झाल्यावरच वाचावी, असे माझे मत आहे. इतरांचे अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

शंकेखोर

धाग्याचा विषय उत्तम आहे, मत मात्र मला पटत नाही. लेखकाविषयी काहीच माहिती नसलेला वाचक कोऱ्या पाटीने वाचतो, हे तुमचे गृहीतक आहे. पाटी कोरी नसतेच. लेखकाविषयी काही सांगितले नाही तर वाचक मनातल्या मनात एक लेखक उभा करतो, आणि अमेरिकन विज्ञानकथेच्या बाबतीत तो लेखक ठरलेला असतो : गोरा, पुरुष, स्त्रियांकडे आकर्षित होणारा.

याचा पुरावा डिलेनींनीच दिला आहे. ‘नोव्हा’ या कादंबरीचा नायक लॉर्क फॉन रे याची आई सेनेगलची आणि वडील नॉर्वेजियन वंशाचे आहेत. ‘ॲनालॉग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी ती क्रमशः छापायला नकार दिला. आपला वाचक कृष्णवर्णीय नायकाशी नाते जोडू शकेल असे वाटत नाही, असे त्यांनी डिलेनींच्या एजंटला कळवले. डिलेनींनी १९९८ मधल्या एका लेखात ही हकिगत सांगितली आहे. नकार ‘नोव्हा’च्या वाक्यांना नव्हता. तेव्हा ‘आधी वाक्य’ हा आग्रह कानाला गोड लागला, तरी बाजाराने डिलेनींची वाक्ये तशी वाचलेली नाहीत.

ध्रुवतारा

शंकेखोर आणि अक्षरवेल, तुम्हा दोघांच्या मधोमध बसणारे एक उदाहरण डिलेनींच्याच लेखनात आहे. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन विज्ञानकथाकाराच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीचा निवेदक गोरा नाही, हे वाचकाला पुस्तकात फार उशिरा आणि तेही जाता जाता कळते. तरुण वयात हे वाचताना डिलेनी थबकले. कथेतल्या समाजात वर्णाचा प्रश्न सुटलेला आहे, असे लेखक कुठेही भाषण देऊन सांगत नाही. ती माहिती किती उशिरा आणि किती सहज ठेवली आहे, यावरूनच ते सिद्ध होते. डिलेनींची राजकीय जाणीव आणि त्यांची वाक्यदृष्टी एकत्र कशी नांदते हे मला या एका निरीक्षणावरून कळले. अन्यायाविषयी कथा काय म्हणते याआधी, कथेने कोणती गोष्ट सांगण्याजोगी मानली आणि कोणती न सांगता गृहीत धरली, हे ते तपासतात.

‘बेबल-१७’मध्ये तिघांचे सहजीवन असलेले दिशादर्शक आहेत. तिथे कोणी त्याचे समर्थन करत बसत नाही. जहाजावर नेमणूक करताना कौशल्य पाहावे तितक्याच सहजतेने ती व्यवस्था पाहिली जाते. १९६६ साली हे छापले गेले.

पिंपळपान

डिलेनींच्या ‘डालग्रेन’चे शेवटचे वाक्य अर्धवट सुटते आणि पुस्तकाच्या पहिल्या वाक्याला जाऊन मिळते, असे कळल्यावर मी ती कादंबरी शेवटाकडून वाचायला घेतली आहे. प्रगती पूर्वीइतकीच आहे.

समांतर

मी स्वतः समलैंगिक आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. प्रतिसाद लांबला आहे, तो गोड मानून घ्यावा.

डिलेनींची १९६७ सालची ‘आय, अँड गोमोरा’ ही लघुकथा आहे, तिलाही नेब्युला मिळाले. ती त्यांची पहिली विकली गेलेली लघुकथा समजली जाते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्या कथेत अंतराळात काम करणाऱ्यांना वयात येण्याआधीच लिंगहीन केले जाते, कारण किरणोत्सर्गामुळे त्यांच्या जननपेशी तशाही निकामी होणार असतात. पृथ्वीवर काही माणसे या अंतराळवीरांच्याच मागे असतात. ज्यांना वासनाच नाही, ज्यांच्याकडून प्रतिसाद मिळणे अशक्य आहे, त्यांच्याविषयीच या लोकांना ओढ वाटते, आणि अंतराळवीर त्या ओढीचे पैसे करतात. न्यूयॉर्कमधल्या समलैंगिकांचा पोलिसांविरुद्धचा प्रसिद्ध स्टोनवॉलचा उठाव जून १९६९ मधला, म्हणजे ही कथा त्याच्याही आधीची. कथेत समलैंगिकता अप्रत्यक्ष आहे असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. आमच्यासारख्यांच्या आयुष्याचे रूपक असा तिचा अर्थ लावला तर ती लगेच लहान होते. एखादा समाज नवे तंत्रज्ञान आणतो, त्यातून नव्या प्रकारचे शरीर तयार होते, मग त्या शरीराविषयी नवी ओढ, त्या ओढीला लागणारे नवे शिवीवजा नाव, आणि त्या नावाभोवती नवा बाजार, असा तो सगळा क्रम आहे. वासना माणसाच्या आत आयती दडलेली नसते, समाजाच्या रचनेत ती घडते, हा विचार इतक्या थोड्या पानांत मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता पार्श्वभूमीविषयी. १९६४ मध्ये मानसिक थकव्यामुळे डिलेनी काही काळ न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या उपचारगटात होते. तिथे त्यांनी आपल्या समलैंगिकतेविषयी गटापुढे सांगितले. पुढे आत्मकथनात या प्रसंगाकडे वळून पाहताना त्यांच्या लक्षात येते की आपण वापरलेली भाषा आपली नव्हतीच. ती त्या काळच्या पुस्तकांतून आलेली, व्याधी आणि दिलगिरी यांची भाषा होती, आणि आपल्या आयुष्यात जे सुख होते त्याला त्या भाषेत जागाच नव्हती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढले, हे लक्षात घेतले तर १९६४ मधली ती भाषा कुठून आली हे वेगळे सांगायला नको.

खरे बोलायला उभे राहिलेल्या माणसाच्या तोंडून दुसऱ्यांची वाक्ये निघतात, हा अनुभव मला परका नाही. शैलीवरच्या त्यांच्या आग्रहाचे मूळ मला इथे दिसते. ज्याला प्रचलित वाक्यांत आपले आयुष्य मावत नाही असे कळले, त्याला ‘शैली म्हणजे सजावट’ हे म्हणणे परवडणारेच नव्हते. म्हणून अक्षरवेल यांचे तत्त्व मला मान्य आहे. ते ज्या जीवनातून आले, ते जीवन मात्र त्यापासून वेगळे काढता येत नाही.

एक मूक वाचक

समांतर, प्रतिसाद अत्यंत आवडला. वाचनखूण साठवली आहे.

त्रिज्या

समांतर यांनी आत्मकथनाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. ‘द मोशन ऑफ लाइट इन वॉटर’ हे पुस्तक १९८८ मध्ये आले आणि त्याला पुढच्या वर्षी ह्यूगो हा विज्ञानकथाक्षेत्रातला दुसरा मोठा पुरस्कार मिळाला. त्याची सुरुवातच पार्श्वभूमीवर विश्वास ठेवणाऱ्यांना अडचणीत आणणारी आहे. वडील १९५८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, असे डिलेनी वर्षानुवर्षे सांगत आले होते. त्यांच्या लेखनाची सूची करणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की १९४२ मध्ये जन्मलेला माणूस १९५८ मध्ये सतरा वर्षांचा असू शकत नाही. प्रत्यक्षात वडील १९६० मध्ये वारले आणि तेव्हा डिलेनी अठरा वर्षांचे होते. दुसऱ्या कोणी हा तपशील गुपचूप दुरुस्त केला असता. डिलेनींनी त्यालाच पुस्तकाचे प्रवेशद्वार केले.

त्याच पुस्तकात १९६३ सालचा एक प्रसंग आहे. सेंट मार्क्स बाथ्स या स्नानगृहात मंद निळ्या उजेडात त्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरुषांची शरीरे दिसतात आणि पहिल्यांदा भीती वाटते. तोवर समलैंगिक म्हणजे कुठेतरी एकेकटे पडलेले विकृत लोक, असेच चित्र समाजाने रंगवलेले होते. या खोलीत मात्र एक मोठा समुदायच समोर होता. १९९१ मध्ये जोन स्कॉट या इतिहासकार विदुषीने ‘अनुभवाचा पुरावा’ याविषयी एक गाजलेला निबंध लिहिला, त्याची सुरुवात याच प्रसंगाने होते. त्यांचे म्हणणे असे की अनुभव हा स्पष्टीकरणाचा भक्कम पाया नसतो, उलट तो अनुभव घडला कसा हेच समजावून घ्यावे लागते. तेव्हा ‘आधी माणूस’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की तो माणूस तुम्हाला भेटणार कुठे? तोही वाक्यांतच भेटतो, आणि ती वाक्ये डिलेनींनी कादंबरीइतकीच घासूनपुसून लिहिलेली आहेत.

शंकेखोर

त्रिज्या, प्रतिवाद चांगला आहे, पण यातून एक पळवाट निघते. सगळेच मजकूर आहे असे म्हटले की कायदाही मजकूर होतो, आणि कायदा मात्र माणसाला तुरुंगात टाकतो. डिलेनी आणि कवयित्री मेरिलिन हॅकर यांनी १९६१ मध्ये लग्न केले. तो एकोणीस वर्षांचा, ती अठरा वर्षांची. त्यासाठी त्यांना न्यूयॉर्कहून डेट्रॉइटला जावे लागले, कारण विवाहाच्या वयाचे कायदे आणि आंतरवर्णीय विवाहाचे कायदे एकत्र पाहता त्यांना कायदेशीर लग्न करता येईल अशी दोनच राज्ये होती, आणि त्यांतले जवळचे मिशिगन होते. आंतरवर्णीय विवाहावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उठवली. डिलेनी समलैंगिक होते हे हॅकर यांना ठाऊक होते आणि पुढे त्या स्वतःही स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या म्हणून उघडपणे जगल्या. ‘बेबल-१७’च्या भागांच्या आरंभी त्यांच्याच कवितांच्या ओळी आहेत, आणि त्या कादंबरीची नायिका रिड्रा वाँग ही कवयित्रीच आहे. कुटुंबाचा एकच साचा स्वाभाविक आहे असे न मानणारी कथाविश्वे या घरातून आली, याला मी योगायोग म्हणणार नाही.

जुना वाचक

चर्चा रंगली आहे, म्हणून थोडे अवांतर. लेखकाची ओळख न कळता केलेले वाचन निर्मळ असते असे ज्यांना वाटते, त्यांनी जेम्स टिपट्री ज्युनियर यांचे प्रकरण आठवावे. १९६० च्या दशकाच्या शेवटी हे नाव अमेरिकन विज्ञानकथेत झळकले आणि त्यामागची व्यक्ती कोणालाच माहीत नव्हती. टिपट्री ही स्त्री असावी अशी कुजबुज झाली, तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नाणावलेल्या लेखकाने १९७५ मध्ये छापील प्रस्तावनेत ठासून सांगितले की या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे. १९७७ पर्यंत सर्वांना कळले होते की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, वय साठीच्या पुढे, मानसशास्त्रात डॉक्टरेट, एकेकाळी सीआयएमध्ये नोकरी. त्यांनी आयुष्यात स्त्रियांविषयी वाटलेल्या ओढीबद्दलही लिहून ठेवले आहे. टोपणनाव घेतले होते मुरंब्याच्या बरणीवरून.

सिल्व्हरबर्ग हा काही आंधळा वाचक नव्हता. त्याने वाक्ये नीट वाचली होती. लिंग त्याने स्वतः पुरवले.

अक्षरवेल

जुना वाचक, हे उदाहरण शंकेखोर यांच्या बाजूचे आहे असे वाटते, पण ते माझ्याही बाजूचे आहे. ओळख उघड झाल्यावर त्याच कथा लोकांनी पुन्हा वाचल्या आणि त्यांत वेगळे काही दिसू लागले. म्हणजे टिपट्रीच्या वाचकांना दोन वाचने मिळाली. डिलेनींच्या बाबतीत पहिले वाचन आपण हातचे घालवून बसतो, इतकेच माझे म्हणणे आहे.

द्विधा

मी कदाचित एकटाच असेन, पण मला डिलेनींचा उत्तरार्ध झेपत नाही. सुरुवातीच्या कादंबऱ्यांत वेग होता, जहाजे होती, रंग होते. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ आले, परिशिष्टे आली, आणि काही पुस्तकांतली लैंगिक वर्णने तर वाचकाची कसोटी पाहण्यासाठीच लिहिली आहेत की काय अशी शंका येते. इतका सिद्धांत कथेला पेलवतो का? शैली आणि आशय एकच आहेत हे मान्य, पण मग कंटाळाही आशयच मानायचा का?

ध्रुवतारा

द्विधा, शेवटचा प्रश्न फारच आवडला. कंटाळ्याबद्दल वकिली करणार नाही, पण ज्या पुस्तकावर तुमच्या आक्षेपाचा रोख असावा असे वाटते, त्या नेव्हेरियन मालिकेतल्या एका कथेविषयी सांगतो.

१९८५ च्या खंडात साथीच्या रोगाची एक दीर्घ कथा आहे, ती डिलेनींनी १९८४ मध्ये लिहिली. प्राचीन, काल्पनिक नगरात एक रोग पसरतो आणि मधे मधे त्या काळच्या न्यूयॉर्कमधल्या एड्सच्या नोंदी येतात. विषाणूची ओळख नुकतीच पटली होती, संसर्गाबद्दलची माहिती महिन्यागणिक बदलत होती आणि माणसे मरत होती. अशा वेळी गुळगुळीत, एकसंध कथा लिहिणे म्हणजे जे कळलेले नाही ते कळल्याचा आव आणणे. डिलेनींनी कथा तुकड्यांत ठेवली आणि आपली माहिती अपुरी आहे हे कथेच्या आतच नोंदवले. मोठ्या अमेरिकन प्रकाशकाकडून एड्सविषयी आलेल्या अगदी सुरुवातीच्या ललित पुस्तकांत तिची गणना होते. तिथे सिद्धांत कथेवर लादलेला वाटत नाही, लेखकाला त्या क्षणी खोटे न बोलता लिहिण्याची तेवढीच वाट मोकळी होती.

लैंगिक वर्णनांविषयी तुमची नावड तुमच्यापाशी राहू द्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझीही काही पुस्तके अर्ध्यावर मिटलेली आहेत.

त्रिज्या

‘ट्रायटन’चे नाव अजून कोणी काढले नाही याचे आश्चर्य वाटते. ही १९७६ ची कादंबरी नेपच्यूनच्या चंद्रावर घडते. तिथे लिंग बदलता येते आणि कोणाविषयी आकर्षण वाटावे हेही उपचाराने बदलून घेता येते. नायक ब्रॉन याला इतक्या मोकळ्या जगातही सुख लागत नाही, कारण स्त्री कशी असावी याच्या जुन्या कल्पना तो सोडत नाही. शेवटी तो स्वतःच त्या कल्पनेबरहुकूम स्त्री होतो आणि तरीही दुःखीच राहतो. अमेरिकन विज्ञानकथालेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या १९७४ च्या ‘द डिसपझेस्ड’ या कादंबरीच्या उपशीर्षकाला ‘ट्रायटन’चे उपशीर्षक उघड उघड उत्तर देते, आणि त्या कादंबरीवर डिलेनींनी स्वतंत्र दीर्घ समीक्षाही लिहिली. ले ग्विनविषयी आदर राखून ते विचारतात की एवढ्या मुक्त म्हणवणाऱ्या समाजातले समलैंगिक पात्र इतके एकाकी का? हा प्रश्न ते घोषणेसारखा विचारत नाहीत. संवाद, वाक्ये, प्रसंगांचा क्रम उलगडत तिथे पोहोचतात. क्वीअर, म्हणजे लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या, लेखकाने क्वीअर पात्रे आनंदी दाखवावीत अशी अपेक्षा असणाऱ्यांनी मात्र ‘ट्रायटन’ जपून उघडावी. तिथे मध्यभागी बसलेला माणूस अत्यंत रूढ पुरुष आहे आणि पुस्तक त्याच्यावर दया करत नाही.

पिंपळपान

ब्रॉन वाचताना मला दोन नातेवाईक आठवले. नावे सांगत नाही, एक जण मूकपणे हा धागा वाचत असण्याची शक्यता आहे.

समांतर

मूळ प्रश्नाकडे यायचे तर एक पुस्तक मला दोन्ही बाजूंना जमिनीवर आणणारे वाटते : १९८४ ची ‘स्टार्स इन माय पॉकेट लाइक ग्रेन्स ऑफ सँड’. त्या जगात प्रत्येक व्यक्तीचा उल्लेख ‘ती’ असाच होतो, शरीर कोणतेही असो. ‘तो’ हे सर्वनाम बोलणाऱ्याला ज्याच्याविषयी कामना वाटते त्याच्यासाठीच राखलेले आहे. परिणाम असा की एखाद्या पात्राला निवेदक ‘तो’ म्हणतो तेव्हा त्या पात्राविषयी काहीच कळत नाही, निवेदकाविषयी कळते. लेखकाची एक ओळही न वाचलेल्या वाचकाला हे वाक्यातूनच मिळते, चरित्राची गरज पडत नाही. इथे अक्षरवेल यांचे म्हणणे शंभर टक्के टिकते.

पण या कादंबरीचा ठरलेला दुसरा भाग आलाच नाही. ज्या नात्याच्या काळात पहिला भाग लिहिला ते नाते संपले, आणि एड्समुळे ते ज्या समलैंगिक जगाविषयी लिहीत होते तेच बदलून गेले, अशी कारणे डिलेनींनी दिली आहेत. न लिहिलेल्या पुस्तकात वाक्ये नसतात. ते का नाही हे जाणून घ्यायचे असेल, तर माणसाकडेच जावे लागते.

एक मूक वाचक

धागा वाचून उत्सुकता वाढली आहे, पण इतक्या मतभेदांनंतर सुरुवात कुठून करावी हेच कळेनासे झाले. डिलेनींचे एकही पुस्तक मी वाचलेले नाही. आता पार्श्वभूमी तर सगळी वाचून झाली. म्हणजे अक्षरवेल यांच्या हिशेबाने मी बाद झालो का?

अक्षरवेल

बाद कसे होणार? त्या हिशेबाने बाद होणाऱ्यांत मीच पहिली असेन, कारण या धाग्याचा पहिला परिच्छेद मी चरित्रानेच सुरू केला आहे आणि शंकेखोर यांनी अजून त्यावर बोट ठेवलेले नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

तुम्ही ‘बेबल-१७’पासून सुरुवात करा. आकाराने लहान आहे, वेगवान आहे, आणि ‘मी’ हा शब्दच नसलेली भाषा शस्त्र म्हणून कशी वापरता येईल ही कल्पना पहिल्या भागापासून पकड घेते. ‘डालग्रेन’ला इतक्यात हात लावू नका.

शंकेखोर

बोट ठेवणारच होतो, पिंपळपान यांचे नातेवाईक मधे आले. ‘बेबल-१७’ला माझा विरोध नाही, पण मी त्या १९६७ च्या लघुकथेपासून सुरुवात करा असे सुचवेन. एका बैठकीत संपते, आणि समांतर यांनी वर सांगितलेला अर्थ तुम्हाला पटतो की नाही हे इथे येऊन सांगता येईल. मला तो पूर्ण पटलेला नाही. माझ्या मते ती कथा वासनेइतकीच मजुरीविषयी आहे. ज्याचे शरीर कामासाठी कायमचे बदलले गेले, त्याला सुट्टीच्या दिवशी विकायला उरलेली गोष्ट म्हणजे तेच शरीर. त्यावर सविस्तर लिहीन, पण तुमचे वाचून झाल्यावर.